सर्व्हर चालू, तरी ॲप बंद! व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनरच्या नेटवर्कमध्ये नेमका फरक काय?

भारतीय वेळेनुसार १२ डिसेंबर २०२४ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास चॅटजीपीटीने उत्तरं देणं थांबवलं. सेवा पूर्ववत व्हायला सकाळचे नऊ वाजून गेले. अशा वेळी पहिली शंका सायबर हल्ल्याची येते. पण ओपनएआयने नंतर दिलेल्या अहवालात हल्ल्याचा उल्लेख नव्हता, आगीचा नव्हता, की वीज गेल्याचाही नव्हता. सर्व्हर चालू होते. त्यांच्यावरचे प्रोग्रॅमही चालू होते. अडचण एवढीच होती, की त्या प्रोग्रॅमना एकमेकांचा पत्ता सापडत नव्हता.

त्याआधी १४ मार्च २०२३ रोजी रेडिटही असंच बंद पडलं होतं. तेव्हा सेवा पूर्ववत व्हायला तब्बल ३१४ मिनिटं लागली. अमेरिकी पद्धतीने ही तारीख ३/१४ अशी लिहितात आणि गणितातल्या 'पाय'ची किंमत ३.१४ असते. त्यामुळे ही घटना 'पाय डे'चा आउटेज म्हणूनच ओळखली जाते. तिथेही सर्व्हर जिवंत होते, पण एकमेकांकडे जाण्याचे रस्ते पुसले गेले होते.

या दोन्ही घटना समजून घ्यायच्या तर गेल्या दहा-बारा वर्षांत डेटा सेंटरमध्ये काय बदललं ते पाहावं लागेल. हा बदल म्हणजे 'व्हर्च्युअल मशीन'कडून 'कंटेनर'कडे झालेला प्रवास. तो साधारणपणे वेग आणि खर्च यांच्या भाषेत सांगितला जातो. मात्र त्याचा सगळ्यात मोठा परिणाम झाला तो नेटवर्कवर.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एक ताकदीचा सर्व्हर घ्यायचा, त्यावर एकच प्रोग्रॅम चालवायचा आणि उरलेली ताकद वाया घालवायची, ही कंपन्यांची जुनी डोकेदुखी. त्यावरचा उपाय म्हणजे एकाच यंत्राचे अनेक 'आभासी' कॉम्प्युटर करणं. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच मेनफ्रेमवर हे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. साध्या सर्व्हरवर हे तंत्र लोकप्रिय केलं ते १९९८ मध्ये सुरू झालेल्या व्हीएमवेअर या अमेरिकी कंपनीने.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम, हा सॉफ्टवेअरने तयार केलेला अख्खा कॉम्प्युटर असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड दिलेलं असतं. यातलं सगळं आभासी असलं, तरी आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला ते खरंच वाटतं. खऱ्या यंत्राची ताकद या आभासी यंत्रांमध्ये वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात.

मग कंटेनर वेगळा कसा?

कंटेनरमध्ये अख्खा कॉम्प्युटर नसतो. त्यात असतो तो फक्त प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइल्स. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो त्या यंत्रावरच्या सगळ्या कंटेनरमध्ये सामायिक असतो.

सोपं उदाहरण घ्यायचं तर व्हीएम म्हणजे फ्लॅट. आतमध्ये स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा नळ, स्वतःचं मीटर. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. दार प्रत्येकाचं वेगळं, कुलूप वेगळं, पण नळ आणि जिना सगळ्यांचा एकच. जागा कमी लागते, खोली पटकन लावता येते, भाडंही कमी. पण नळाला काही झालं तर सगळी चाळ कोरडी.

लिनक्समध्ये या 'खोल्या' दोन सोयींच्या आधारे उभ्या राहतात. 'नेमस्पेस'मुळे एका कंटेनरला दुसऱ्या कंटेनरच्या फाइल्स, प्रोग्रॅम आणि नेटवर्क दिसत नाही. 'सीग्रुप्स'मुळे कोणी किती मेमरी आणि प्रोसेसर वापरायचा याची मर्यादा ठरते. सीग्रुप्सचं काम गुगलच्या इंजिनिअर्सनी २००६ मध्ये सुरू केलं आणि २००८ मध्ये ते लिनक्सचा भाग झालं. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हे सगळं सामान्य डेव्हलपरच्या आवाक्यात आणलं. २०१४ मध्ये गुगलने जाहीर केलं, की कंपनी दर आठवड्याला २ अब्जांहून अधिक कंटेनर सुरू करते. त्याच वर्षी इतक्या कंटेनरवर देखरेख ठेवणारं 'कुबर्नेटिस' हे सॉफ्टवेअर गुगलने सर्वांसाठी खुलं केलं.

व्हीएम सुरू व्हायला बहुधा मिनिटभर तरी जातं, कारण आत पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम उठावी लागते. कंटेनर एखाद्या सेकंदात उभा राहू शकतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या क्रिकेट विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. अशी गर्दी बघता बघता वाढते आणि सामना संपला की ओसरते. त्यामुळे पटकन उभी राहणारी आणि काम झालं की पटकन आवरता येणारी व्यवस्था कंपन्यांना हवी असते.

व्हीएमच्या काळात नेटवर्क कसं होतं?

व्हीएमला कायमचा पत्ता असतो. तिच्या आभासी नेटवर्क कार्डला एक आयपी ॲड्रेस मिळतो आणि तो अनेकदा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं तोच राहतो. सर्व्हरमधला एक आभासी स्विच या सगळ्या व्हीएमना बाहेरच्या खऱ्या नेटवर्कशी जोडतो. नेटवर्क सांभाळणारा माणूस फायरवॉलमध्ये नियम लिहू शकतो, की अमुक पत्त्यावरून तमुक पत्त्यावर जाता येईल, बाकी सगळ्यांना बंदी.

२००३ मध्ये व्हीएमवेअरने 'व्हीमोशन' आणलं. चालू स्थितीतली व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागली. पण घर हललं तरी पत्ता तोच ठेवायचा, तर दोन्ही सर्व्हर एकाच स्थानिक नेटवर्कमध्ये असायला हवेत. तिथे जुन्या व्यवस्थेची मर्यादा आड आली. नेटवर्कचे वेगवेगळे भाग करणाऱ्या व्हीलॅनमध्ये जास्तीत जास्त ४,०९४ भाग करता येतात. एका कंपनीला हे पुष्कळ झालं. हजारो ग्राहकांना जागा भाड्याने देणाऱ्या क्लाउड कंपनीला मात्र ते अपुरं पडतं.

म्हणून व्हीएक्सलॅन हे तंत्र आलं. त्याचं तपशीलवार स्वरूप ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ते पाकिटात पाकीट घालण्यासारखं आहे. आतल्या पाकिटावर व्हीएमचा पत्ता, बाहेरच्या पाकिटावर खऱ्या सर्व्हरचा पत्ता. मधले राउटर फक्त बाहेरचं पाकीट वाचतात. यामुळे नेटवर्कचे भाग थेट १ कोटी ६७ लाखांपर्यंत करता येतात. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक पॅकेटमागे साधारण ५० बाइट्सचं जादा ओझं.

नेटवर्क तारा आणि खोक्यांमधून निघून सॉफ्टवेअरमध्ये शिरायला सुरुवात झाली ती व्हीएमच्याच काळात. कंटेनरने हा बदल टोकाला नेला.

कंटेनर आल्यावर काय बिघडलं?

कंटेनरला कायमचा पत्ता नसतो. कुबर्नेटिसमध्ये एक किंवा अनेक कंटेनर एकत्र ठेवलेल्या गठ्ठ्याला 'पॉड' म्हणतात आणि प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी ॲड्रेस मिळतो. पण पॉड बंद पडला, जुना झाला किंवा गर्दी ओसरली म्हणून काढून टाकला, की त्याचा पत्ताही गेला. त्याच्या जागी आलेल्या नव्या पॉडचा पत्ता बहुतेक वेळा वेगळा असतो. काही पॉड तर काही मिनिटंच जगतात.

संख्याही मोठी असते. एका यंत्रावर ११० पॉडपर्यंत आणि एका समूहात ५,००० यंत्रं आणि दीड लाख पॉडपर्यंत जावं, अशी कुबर्नेटिसची अधिकृत शिफारस आहे. एवढ्या सतत बदलणाऱ्या पत्त्यांसाठी माणसाने हाताने फायरवॉलचे नियम लिहिणं अशक्य आहे.

त्यामुळे सगळी भिस्त एका नोंदवहीवर येते. लॉजच्या काउंटरवर जसं रजिस्टर असतं, तशीच ही वही. कोणत्या खोलीत आज कोण आहे, हे तिथे विचारायचं. कुबर्नेटिसमध्ये या वहीचे तीन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे 'कंट्रोल प्लेन', जिथे सगळ्या समूहाची खरी नोंद असते. दुसरा भाग डीएनएसचा. 'पेमेंट सेवा कुठे आहे?' असं नावाने विचारलं, की तो पत्ता सांगतो. तिसरा भाग प्रत्येक यंत्रावर बसतो आणि त्या पत्त्यापर्यंत पॅकेट कसं न्यायचं ते ठरवतो. या तिसऱ्या कामासाठी कॅलिको, सिलियम, फ्लॅनेल अशी वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरली जातात.

व्हीएमच्या जगात ही वही काही वेळ हरवली तरी बहुतेक गोष्टी चालू राहतात, कारण पत्ते बदललेलेच नसतात. कंटेनरच्या जगात वही बंद पडली की थोड्याच वेळात सगळेच अनोळखी होतात.

रेडिट आणि चॅटजीपीटीचं नेमकं काय झालं?

रेडिटच्या इंजिनिअर्सनी त्या दिवशी आपला एक जुना आणि महत्त्वाचा समूह कुबर्नेटिसच्या १.२३ आवृत्तीवरून १.२४ वर नेला. काही मिनिटांत साइट कोसळली. त्यांच्याकडे नेटवर्कसाठी कॅलिको होतं. कुठल्या पॉडकडे कोणत्या रस्त्याने जायचं, हे इतर यंत्रांना सांगण्याचं काम काही ठरावीक यंत्रांकडे दिलेलं होतं. ही यंत्रं ओळखायची कशी? तर त्यांच्यावर लावलेल्या एका लेबलवरून. त्या लेबलमध्ये 'मास्टर' हा शब्द होता.

कुबर्नेटिसने हा शब्द सोडून 'कंट्रोल प्लेन' वापरायचं आधीच ठरवलं होतं आणि १.२४ मध्ये जुनं लेबल पूर्णपणे काढून टाकलं. लेबल गेलं, त्यामुळे रस्ता सांगणारी यंत्रं कोणती हे कॅलिकोला कळेना, आणि समूहातले रस्तेच नाहीसे झाले. खरं कारण सापडायच्या आधीच इंजिनिअर्सनी बॅकअपवरून जुनी स्थिती परत आणली. एका शब्दाच्या बदलामुळे जगातली एक मोठी साइट पाच तासांहून अधिक काळ बंद राहिली.

ओपनएआयचं प्रकरण वेगळं, पण दुखणं त्याच जागी. कंपनीने देखरेखीसाठी एक नवी सेवा बसवली होती. उद्देश चांगला होता, कुठे काय बिघडतंय ते लवकर कळावं. पण या सेवेमुळे समूहातलं प्रत्येक यंत्र एकाच वेळी कंट्रोल प्लेनला जड प्रश्न विचारू लागलं. यंत्रं हजारोंच्या संख्येत असल्याने कंट्रोल प्लेन त्या ओझ्याखाली दबलं. छोट्या समूहावर घेतलेल्या चाचणीत हा दोष दिसला नव्हता, कारण समूह जितका मोठा, तितकं ओझं जास्त.

सेवा लगेच बंद पडली नाही. डीएनएसने आधी दिलेली उत्तरं थोडा वेळ साठवून ठेवलेली असतात. त्या जुन्या पत्त्यांवर साधारण २० मिनिटं काम चाललं. त्या नोंदींची मुदत संपली आणि एकेक सेवा कोलमडू लागली. या उसंतीमुळेच घात झाला. सगळं ठीक दिसत असल्याने नवी सेवा सगळीकडे पसरत राहिली. शिवाय ती काढून टाकायची तर त्यासाठीही कंट्रोल प्लेनच हवं होतं, आणि तेच उत्तर देत नव्हतं. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच अडकली. शेवटी यंत्रांची संख्या कमी करून आणि कंट्रोल प्लेनकडे येणारी वाहतूक अडवून इंजिनिअर्सनी आत शिरकाव केला.

म्हणजे व्हीएमच जास्त सुरक्षित?

भिंतीच्या बाबतीत, हो. कंटेनरचा कर्नल सामायिक असल्याने तिथली एक फट सगळ्यांना महागात पडू शकते. कंटेनर सुरू करणाऱ्या 'रनसी' या मूलभूत सॉफ्टवेअरमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये अशा त्रुटी उघड झाल्या, ज्यांच्या आधारे कंटेनरमधून बाहेर पडून मूळ यंत्रापर्यंत पोहोचता येत होतं.

नेटवर्कमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कुबर्नेटिसमध्ये वेगळा नियम लिहिला नाही, तर समूहातला कोणताही पॉड दुसऱ्या कोणत्याही पॉडशी बोलू शकतो. म्हणजे एका खोलीत चोर शिरला की आतले सगळे दरवाजे त्याला उघडे. हे दरवाजे बंद करण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम वापरावी लागते. २०१८ मध्ये टेस्लाचं कुबर्नेटिस नियंत्रण पान पासवर्डविना इंटरनेटवर उघडं असल्याचं सुरक्षा तज्ज्ञांना आढळलं. तिथून शिरलेले हॅकर कंपनीच्या यंत्रांवर गुपचूप क्रिप्टोकरन्सी तयार करत होते.

पण व्हीएमची भिंतही अभेद्य नाही. मार्च २०२५ मध्ये व्हीएमवेअरच्या उत्पादनांतल्या तीन त्रुटी दुरुस्त कराव्या लागल्या. हल्लेखोर त्यांचा आधीच वापर करत होते आणि त्यांच्या साखळीने व्हीएममधून बाहेर पडणं शक्य होतं.

म्हणून मधला मार्गही निघाला आहे. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये 'फायरक्रॅकर' खुलं केलं. त्यात प्रत्येक कामासाठी एक अतिशय छोटी व्हीएम तयार होते आणि ती १२५ मिलिसेकंदांत सुरू होऊ शकते. भिंत फ्लॅटची आणि वेग चाळीतल्या खोलीचा, असा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न आत्ताच इतका तापला का?

कारण पैसा. चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केली. हा सौदा जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत सुमारे ६१ अब्ज डॉलर होती. त्यानंतर महिन्याभरातच कंपनीने एकदा पैसे भरून कायमचा परवाना देण्याची पद्धत बंद केली आणि वर्गणी सुरू केली.

अमेरिकेतली दूरसंचार कंपनी एटी अँड टी २०२४ मध्ये या प्रश्नावर न्यायालयात गेली. आपल्या ८,६०० सर्व्हरवर व्हीएमवेअरच्या ७५ हजार व्हीएम चालतात, असं तिने तक्रारीत म्हटलं. वर्षाच्या खर्चात १,०५० टक्के वाढ मागितल्याचाही तिचा दावा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांमध्ये तडजोड झाली.

मग सरळ कंटेनरवर का जायचं नाही? याचं उत्तर पुन्हा नेटवर्कमध्ये आहे. बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्यांची जुनी सॉफ्टवेअर आपला पत्ता कायम राहील हे गृहीत धरून लिहिलेली आहेत. फायरवॉलचे वर्षानुवर्षं साचलेले नियम आयपी ॲड्रेसवर आधारलेले आहेत. अनेकदा तो नियम कोणी आणि का लिहिला, हे सांगणारा माणूसही नोकरी सोडून गेलेला असतो. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये घालणं त्या मानाने सोपं, पण त्याच्याभोवतीचं नेटवर्क नव्याने आखणं हे वर्षांचं काम असतं.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

ही यंत्रं आपल्या शेजारीच आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा आज डेटा सेंटरसाठी ओळखला जातो. पेमेंटची माहिती भारतातच साठवली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. साहजिकच देशातल्या डेटा सेंटरचं महत्त्व वाढलं. तिथलं नेटवर्क कसं आखलंय, यावर खात्यातले पैसे वेळेवर दिसणार की नाही हे अवलंबून असतं.

मग जिंकलं कोण?

कोणीच नाही, कारण ही लढत फारशी खरी नव्हती. क्लाउडवर चालणारे बहुतेक कंटेनर आजही व्हीएमच्या आत चालतात. अनोळखी ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्यासाठी व्हीएमची भिंत आणि एकाच कंपनीचे प्रोग्रॅम वेगाने हलवण्यासाठी कंटेनर, अशी ही कामाची वाटणी आहे. 'कुबव्हर्ट'सारखी सॉफ्टवेअर तर उलट्या दिशेने जातात आणि व्हीएमनाच कुबर्नेटिसच्या देखरेखीखाली आणतात.

या वाटणीमुळे आता नेटवर्क दोन थरांत पसरलं आहे. एक थर व्हीएमचा, त्याच्या आत दुसरा कंटेनरचा. काही बिघडलं तर कोणत्या थरात बिघडलं, हे शोधण्यातच वेळ जातो. कंपनी कंटेनरवर आहे की व्हीएमवर, या प्रश्नाने ग्राहकाचं फारसं भलं होत नाही. विचारण्यासारखे प्रश्न तीन आहेत. पत्त्यांची नोंदवही बंद पडली, तर सेवा किती वेळ तग धरेल? नोंदवही दुरुस्त करायला त्याच नोंदवहीची गरज तर पडत नाही ना? आणि बॅकअपवरून सगळं परत उभं करण्याची तालीम शेवटची कधी झाली होती?

पुढच्या वेळी एखादं ॲप अडकलं आणि 'सर्व्हर डाऊन'चे स्क्रीनशॉट फिरू लागले, तर दोन-चार दिवसांनी त्या कंपनीने अहवाल प्रसिद्ध केलाय का ते जरूर पाहा. रेडिट आणि ओपनएआयने आपली चूक तपशीलवार लिहिली, म्हणून इतरांना आपापली लेबलं आणि नोंदवह्या वेळीच तपासता आल्या. पैशांचे व्यवहार आणि सरकारी सेवा चालवणाऱ्यांकडूनही अशा अहवालाची अपेक्षा करायला काहीच हरकत नाही.